दोन अडथळ्यांमधलं मोकळं अंतर

"धक्का लागला की तो पडला पाहिजे," मार्जिनराव म्हणाले.

ग्रिलवाल्यानं वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि समोरचा माणूस शुद्धीवर आहे ना, ते आधी नीट पाहून घेतलं. अर्ध्या गावाच्या खिडक्यांना त्यानं ग्रिल बसवली होती. चोर येऊन हात टेकून गेले, पण गज हलला नाही, हे तो गिऱ्हाइकाला न विचारता सांगायचा.

"साहेब, मी केलेली वस्तू पडत नाही."

"ही पडली पाहिजे. हर्डल आहे ना. मुलगी पळत येणार, वरून जाणार, चुकून पाय लागला तर तिनं पडायचं नाही, यानं पडायचं."

"मग करायचीच कशाला?" ग्रिलवाला म्हणाला. हा प्रश्न मार्जिनरावांनाही पडला होता, पण तो ग्रिलवाल्याच्या तोंडून ऐकणं त्यांना आवडलं नाही.

मार्जिनराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. इमारतींचे नकाशे मंजूर करणाऱ्या ऑफिसात ते सव्वीस वर्षं बसत होते. दोन इमारतींमध्ये मोकळी जागा, म्हणजे मार्जिन, किती सोडली आहे, हे तपासणं त्यांचं काम. लोक हे अंतर भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजून आणतात आणि बाहेर आलेला छज्जा सोयीस्कर विसरतात. मार्जिनराव विसरत नसत. सगळ्यात बाहेर आलेल्या टोकापासून समोरच्याच्या सगळ्यात बाहेर आलेल्या टोकापर्यंत, मध्ये जे उरतं ते अंतर. बाकी सगळी बनवाबनवी. या एका वाक्यावर त्यांनी हजारभर नकाशे परत पाठवले होते आणि त्यातूनच हे नाव पडलं होतं. लोक ते त्यांच्या पाठीमागे वापरत, पण त्यांनी ते पदवीसारखं स्वीकारलं होतं.

त्यांची सतरा वर्षांची लेक शंभर मीटर हर्डल पळायची. लहानपणापासून उंबरठा ओलांडायचा तो उडी मारूनच, म्हणून घरात तिला टोळ म्हणत. निवड चाचणी पाच आठवड्यांवर आली होती. चाचणीतून फक्त दोन मुलींना मोठ्या प्रशिक्षण केंद्रात घेणार होते, आणि गेल्या वर्षी टोळ चौथी आली होती. नेमकं आताच शाळेचं मैदान नव्या मातीसाठी खणून ठेवलेलं, आणि खेळाचे सर त्या खणलेल्या मैदानात पाय मुरगळून, प्लास्टर घालून, दूरच्या गावी बहिणीकडे पडून राहिलेले. हर्डल शाळेच्या कोठीत कुलपात, आणि कोठीची किल्ली शिपायाकडे, तो रजेवर. टोळ जेवताना ताटात बोटानं रेघा ओढायला लागली. तेव्हा मार्जिनराव म्हणाले, "त्यात काय, आपण चार हर्डल बनवू."

त्यांच्या बायकोनं हातातली वाटी खाली ठेवली. ती बालवाडीत शिकवायची. तीस मुलांना एका नजरेनं गप्प करायची तिला सवय होती. तीच नजर तिनं आता नवऱ्याकडे टाकली, पण उशीर झाला होता.

पहिला हर्डल आला तो खिडकीसारखा. चौकट, मध्ये दोन आडवे गज, कोपऱ्यांत नक्षी. उचलायला तिघं लागले. मार्जिनरावांनी सरांना फोन लावला. सर म्हणाले, दोन उभे पाय, वर लाकडी पट्टी, शहात्तर सेंटिमीटर उंची, आणि खाली जमिनीलगत दोन लांब पाय एकाच बाजूला. "कुठल्या बाजूला, हे महत्त्वाचं आहे हं," असं सर म्हणत असतानाच तिकडून बहिणीनं औषधाला हाक मारली आणि फोन बंद झाला.

मार्जिनरावांनी विचार केला. विचार हा त्यांचा नेहमीचा घात. पळत येणाऱ्या मुलीच्या बाजूला लोखंडी पाय पसरून ठेवणं उघड उघड धोक्याचं. म्हणून नव्यानं करून आणलेल्या हर्डलचे पाय त्यांनी पलीकडे केले आणि तो बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत उभा केला. टोळ म्हणाली, "बाबा, शाळेत उलटे असतात." "शाळेत कोण विचार करतं," असं म्हणून त्यांनी स्वतः चाचणी घ्यायचं ठरवलं. पळून नाही, नुसतं चालत. गुडघा पट्टीवर टेकवून ढकललं की तो पडणार, एवढंच पाहायचं होतं. पलीकडे पसरलेल्या पायांमुळे हर्डल तसूभर हलला नाही, आणि ढकलण्यासाठी घेतलेला सगळा जोर मार्जिनरावांनाच पुढे घेऊन गेला. ते पट्टीवर पोटावर आडवे झाले. दोन्ही हात पलीकडे, दोन्ही पाय अलीकडे, आणि खिशातून पेन, ओळखपत्र, चष्म्याचं घर एकेक करून खाली पडत गेलं.

वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी गॅलरीतून विचारलं, "श्वास घेता येतोय ना?"

"येतोय," मार्जिनराव जमिनीकडे पाहत म्हणाले.

"मग दातावर दात आवळू नका, जबडा सैल सोडा," दंतवैद्य म्हणाले. कुठलीही गोष्ट ते शेवटी तोंडाशी आणत. टोळनं बापाला काखेत हात घालून सोडवलं आणि हर्डल फिरवून ठेवला. पाय पळणाऱ्याच्या बाजूला. मग तिनं पट्टीला नुसतं बोट लावलं आणि तो पलीकडे आडवा झाला. ग्रिलवाला शेजारी उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर आलेलं दुःख पाहून मार्जिनरावांना क्षणभर स्वतःच्या बरगड्या विसरायला झालं.

आता गल्ली. गल्ली सोसायटीची, म्हणजे चेअरमनची. चेअरमननी तीन वर्षांपूर्वी गॅलरी बंद करायचा नकाशा टाकला होता आणि बावीस सेंटिमीटरसाठी मार्जिनरावांनी तो नामंजूर केला होता. त्यानंतर दोघं जिन्यात भेटले की हवेबद्दल बोलत.

"अर्ज द्या," चेअरमन म्हणाले. आवाजात एक प्रकारचा गोडवा होता. "सामाईक रस्त्यावर तात्पुरते अडथळे. सोबत नकाशा, तीन प्रती."

मार्जिनरावांनी आयुष्यात इतक्या प्रेमानं नकाशा काढला नसेल. तरी तो परत आला. शेरा होता, "उत्तर दिशा दाखवलेली नाही." दुसऱ्यांदा परत आला, "अडथळे पडल्यावर किती जागा व्यापतील याचा खुलासा नाही." सव्वीस वर्षं टेबलाच्या त्या बाजूला बसलेल्या माणसाला या बाजूला उभं राहून पाय दुखतात हे पहिल्यांदा समजलं. चाचणीचे पाच आठवडे होते त्यातले चार दिवस असेच गेले. टोळ रोज सकाळी गल्लीच्या तोंडाशी कपडे करून उभी राहायची आणि परत जायची.  कधी नव्हे ते त्यांना चेअरमनच्या गॅलरीबद्दल वाईट वाटलं.

तिसरा नकाशा मंजूर झाला. त्यावर सरांनी फोनवर सांगितलेले आकडे होते. सुरुवातीच्या रेषेपासून पहिला हर्डल तेरा मीटर, मग हर्डल ते हर्डल साडेआठ मीटर. चेअरमननी शिक्का मारला. मग मार्जिनराव टेप घेऊन गल्लीत उतरले.

"अहो, सरांना एकदा विचारा ना, मोजायचं कुठून कुठपर्यंत," बायको म्हणाली.

मार्जिनराव टेप हातात धरून नुसते बघत राहिले. डॉक्टरला कुणी सांगावं की नाडी मनगटावर असते, तसं त्यांना झालं. "मला विचारतेस? मोजायचं?" एवढंच ते म्हणाले, आणि त्यांनी मोजलं. या हर्डलच्या सगळ्यात बाहेरच्या टोकापासून पुढच्या हर्डलच्या जमिनीवर पसरलेल्या पायाच्या टोकापर्यंत. मोकळे साडेआठ मीटर. खडूनं खुणा केल्या आणि त्यावर पक्क्या रंगाचा हात दिला.

सराव सुरू झाला. हर्डलची शर्यत ही उड्यांची नव्हे, पळण्याचीच शर्यत असते, हे सरांनी मार्जिनरावांना फोनवर तीनदा समजावलं होतं. उडी मारली की माणूस हवेत थांबतो, आणि हवेत कुणी पळत नाही. पुढच्या पायाचा गुडघा उचलायचा, छाती खाली घालायची आणि पट्टीवरून एक लांब पाऊल टाकायचं. मागचा पाय मांडी घालताना वळतो तसा बाजूनं वळवून आणायचा. पहिल्या हर्डलपर्यंत आठ पावलं. त्यापुढे मधल्या प्रत्येक जागेत तीनच पावलं, ना जास्त ना कमी. चौथं पाऊल पडलं की उडीचा पाय बदलतो आणि सगळी लय जाते.

टोळचं चौथं पाऊल पडत होतं. शाळेत कधी पडत नव्हतं ते इथे रोज पडत होतं. पहिल्या आठवड्यात ती म्हणाली, "सवय गेली असेल." दुसऱ्या आठवड्यात ती पावलं मोठ्यानं मोजायला लागली. तीन पावलांत पोहोचायला गेली की शेवटचं पाऊल लांबवून लांबवून पट्टीवर आदळायची. नडग्यांवर निळ्या खुणा आल्या. दंतवैद्यांनी दात घट्ट न आवळण्याचा सल्ला दिला, तळमजल्यावरच्या मावशींनी गल्लीच्या टोकाच्या भिंतीला बांधायला जुनी गादी दिली. चेअरमन रोज सकाळी अडथळे मंजूर जागेवरच आहेत ना ते पाहायला यायचे आणि पाहता पाहता तिथेच खुर्ची टाकून बसायला लागले. "मुलगी जिद्दीची आहे, पण उंची कमी पडते," असं ते एकदा हळूच म्हणाले, आणि ते नेमकं टोळनं ऐकलं.

त्या संध्याकाळी मार्जिनराव दाराबाहेर चपला काढत होते. आत टोळ आईला विचारत होती, "आई, माझे पाय आखूड आहेत का गं? खरं सांग."

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पाहिजे? तीन पावलांत जमतच नाही. वय वाढलं, पाय वाढलेच नाहीत."

मार्जिनराव बराच वेळ एक चप्पल हातात घेऊन उभे राहिले. स्वतःचे पाय आखूड होते हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना वाटलं, पोरीला आपण नेमकं हेच द्यावं? तिच्या आईची उंची का नाही दिली? या विचारानं त्यांना इतकं कसंतरी झालं की दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांनी एक नकाशा न मोजताच मंजूर केला, आणि मग घाबरून परत मागवून मोजला.

टोळनं मात्र हट्ट सोडला नाही. चौथ्या आठवड्याच्या शेवटी तिनं चारही हर्डल तीन तीन पावलांत पार केले. ढांगा टाकत, दात ओठ खात, गादीवर जाऊन आदळत, पण केले. चेअरमन खुर्चीवरून उठून उभे राहिले. गॅलऱ्यांतून टाळ्या वाजल्या. मार्जिनरावांनी रंगानं केलेल्या खुणांकडे अभिमानानं पाहिलं.

चाचणीच्या दिवशी मैदानावर ते तिघं वेळेच्या दीड तास आधी पोहोचले. मार्जिनरावांच्या खिशात टेप होता. तो तसा रुमालाबरोबर रोजच असायचा. मुलींना सरावासाठी पहिल्या हर्डलवरून दोन दोन चकरा मारू देत होते. टोळ पहिल्यांदा धावली आणि पट्टीवर आदळली. दुसऱ्यांदा धावली, हर्डल जणू धावत अंगावर आला, आणि ती त्याच्यासकट खाली बसली. उठून ती दोरीपाशी आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते.

"बाबा, पायच जुळत नाहीत. आठवं पाऊल टाकायला जागाच नाही. मला नाही जमणार."

जागाच नाही. मार्जिनरावांच्या अंगात सव्वीस वर्षांचा अंमलदार ताडकन उभा राहिला. आयोजकांनी अंतर कमी ठेवलं असणार. लोक ठेवतातच. त्यांनी राखणदाराला ओळखपत्र दाखवलं. ओळखपत्रावर शिक्का मोठा होता, राखणदारानं दोरी वर केली. मार्जिनराव धावपट्टीवर गुडघ्यांवर बसले, पहिल्या दोन हर्डलमध्ये टेप लावला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि त्यांचा संशय खरा ठरला. सात मीटर ब्याऐंशी. अडुसष्ट सेंटिमीटर कमी.

पंचांच्या टेबलावर पांढरी टोपी घातलेल्या एक बाई होत्या. मार्जिनरावांनी त्यांना तिथल्या तिथे लेखी हरकत दिली. अर्जाचा कोरा नमुना त्यांच्या पिशवीत होताच.

"लेखी आली म्हणजे मला शर्यत थांबवावी लागेल," बाई म्हणाल्या.

"थांबवा," मार्जिनराव म्हणाले. अन्यायाविरुद्ध उभं राहिल्यावर छाती कशी भरून येते, ते त्यांनी पहिल्यांदाच अनुभवलं. ते जेमतेम पाच मिनिटं टिकलं.

शर्यत थांबली. आठ मुली कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. बाईंनी आपला पोलादी टेप आणला, एका हर्डलच्या लाकडी पट्टीखाली धरला, दुसरं टोक पुढच्याच्या पट्टीखाली नेलं. "साडेआठ मीटर बरोबर," त्या म्हणाल्या. "तुम्ही कुठून मोजलंत?"

"बाहेरच्या टोकापासून. खाली पाय पुढे आलेत ना, ते सोडून उरतं ते मोकळं अंतर."

"मोकळं अंतर घेऊन काय करायचंय? पोरी पट्टीवरून जातात. पट्टी ते पट्टी मोजायचं."

मार्जिनरावांनी त्या लोखंडी पायाकडे पाहिलं. अडुसष्ट सेंटिमीटर लांब, पळणाऱ्याच्या बाजूला. मग त्यांच्या डोळ्यांपुढे गल्ली आली. पक्क्या रंगाच्या खुणा. चार हर्डल, प्रत्येक अडुसष्ट सेंटिमीटर लांब, मंजूर नकाशानुसार. पोरीच्या निळ्या नडग्या. त्यांना मैदानातच खाली बसावंसं वाटलं, पण बसायची जागा आठ मुलींच्या समोर होती.

बाईंनी त्यांचाच अर्ज पुढे केला. "हरकत मागे घेत असाल तर खाली कारण लिहा आणि सही करा. त्याशिवाय मला शर्यत सोडता येत नाही."

'गैरसमजातून' असं लिहायला त्यांनी पेन टेकवलं. एक शब्द, आणि कुणाला काही कळलं नसतं. पण असा शेरा कुणी लिहून आणला की ते स्वतः तो परत पाठवत, कुणाचा गैरसमज, कशाबद्दल, स्पष्ट लिहा म्हणून. तेवढ्यात टोळ शेजारी येऊन उभी राहिली.

"बाबा, काय केलंस हे? सगळे बघतायत."

"टोळ, आपल्या गल्लीतले हर्डल लांब होते."

"म्हणजे?"

"अडुसष्ट सेंटिमीटर. प्रत्येक वेळी. मी चुकीचं मोजलं."

 तिनं आधी धावपट्टीकडे पाहिलं, मग खाली स्वतःच्या पायांकडे. मार्जिनराव वाट पाहत राहिले. ती ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

"आईनं सांगितलं होतं तुला, सरांना विचार म्हणून."

"हो."

"तीन आठवडे मी रोज रात्री पाय ताणून झोपतेय, बाबा."

"पाय बरोबर आहेत तुझे," मार्जिनराव म्हणाले. मग ते पुन्हा म्हणाले. "पाय अगदी बरोबर आहेत."

टोळनं नाक मनगटानं पुसलं. चेहऱ्यावर राग होता, पण ओठांचा रंग परत आला होता. "मग मला नेहमीसारखंच पळायचंय. शाळेत पळायचे तसं," ती स्वतःशीच म्हणाली. मग कागदाकडे बोट केलं. "लिही. खरं लिही."

मार्जिनरावांनी कारणाच्या रकान्यात लिहिलं, "माप बरोबर आहे. धावपटूही बरोबर आहे. अर्जदाराला मोजता आलं नाही." सही केली, तारीख घातली. बाईंनी ते वाचलं, एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि कागद फायलीत लावला. ती फाईल आता कायमची कुठल्यातरी कपाटात राहणार, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

बार उडाला. पहिला हर्डल टोळनं पाडला. दुसराही पाडला. पाडला म्हणून बाद करत नाहीत, हे माहीत असूनही मार्जिनरावांनी बायकोचा दंड इतका घट्ट धरला की तिनं तो सोडवून घेतला. तिसऱ्याला पट्टी नुसती थरथरली. मग तिची पावलं आखडली, टाचा वर राहिल्या, आणि मार्जिनराव मोठ्यानं मोजायला लागले. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. आजूबाजूचे पालक वळून पाहत होते. त्यांना बाकीच्या सात मुली दिसत नव्हत्या, रेषा दिसत नव्हती, फक्त दोन पट्ट्यांमधली जागा आणि त्यात पडणारी तीन पावलं दिसत होती. नऊच्या नऊ जागांत तीन. चौथं एकदाही नाही.

"तीनच!" ते बायकोकडे वळून म्हणाले. "शेवटपर्यंत तीन. कितवी आली गं?"

 बायकोनं दोन बोटं वर केली.

पांढऱ्या टोपीवाल्या बाई निवड झालेल्या दोघींचे फॉर्म भरत टेबलाशी बसल्या होत्या. टोळ अजून धापा टाकत होती. आईवडील दोन्ही बाजूंना उभे होते. बाईंनी एक रकाना संपवला, दुसऱ्यावर पेन ठेवलं. "केंद्राचे कपडे शिवायचेत. कमरेपासून घोट्यापर्यंत पायाचं माप सांगा."

मार्जिनरावांनी सवयीनं तोंड उघडलं.

"यांना विचारू नका, मॅडम," टोळ म्हणाली. "अडुसष्ट सेंटिमीटर जास्त सांगतील. आई, तू सांग."

बाई हसल्या, बायको हसली, मागची दुसरी मुलगीही हसली. बायकोनं माप सांगितलं, बाईंनी ते लिहून घेतलं. मार्जिनरावांनी ते बरोबर आहे की नाही ते तपासलं नाही, आणि हरकतही घेतली नाही.